ताईच्या लॉगिनवर

त्या मशीनचा सुपरयूजरचा पासवर्ड ताईकडे होता आणि मी तो तिला वापरू दिला नाही. या प्रकरणात सांगण्यासारखं एवढंच आहे. ते लिहायला इतकी वर्षं का लागली, हे सांगायचं तर मात्र आमचं घर, ती जिनिंग मिल आणि माझं तेव्हाचं डोकं, तिन्हींबद्दल लिहावं लागेल.

आम्ही आदिलाबादला स्टेशनकडच्या वस्तीत राहायचो. बाबा महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होते. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, त्यामुळे 'गुरुजी' ही हाक बाबा नव्या सदऱ्यासारखी जपून वागवायचे. दसरा झाला की कापसातली सरकी काढणाऱ्या गावातल्या जिनिंग मिल सुरू व्हायच्या आणि एक घरघर गावावर पसरायची ती उन्हाळा लागेपर्यंत. तिची इतकी सवय असायची की ती थांबली की माणसं बाहेर येऊन विचारायची, काय झालं म्हणून. हवेत कापसाचे तंतू उडायचे. संध्याकाळी ताई मिलमधून आली की चुलीपुढे बसलेली आई आधी तिच्या वेणीत अडकलेला कापूस वेचायची, मग ताट वाढायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिळाच्या तेलात कालवलेली जवसाची चटणी. मी वरंगलहून सुटीला आलो की ताटात अंडं असायचं. ताईच्या ताटात ते असायचं की नाही, हे मला आठवत नाही. आठवत नाही याचा अर्थ नसायचं, असाच आता मी घेतो.

मी इंजिनिअरिंगला होतो. ताई, सुजाता, माझ्याहून थोडी मोठी. ती इथल्याच कॉलेजात बी.कॉम. झाली, गावात नव्यानंच निघालेल्या एका संगणकाच्या क्लासला गेली आणि मिलच्या सेठनं संगणक घेतला तेव्हा त्याच्यासमोर बसायला दुसरं कोणी न मिळाल्यानं तिला घेतलं गेलं, हंगामापुरतं. हैद्राबादच्या कंपनीचा इंजिनिअर मशीन बसवून गेला. जाताना त्यानं सगळी मॅन्युअलं तिच्या हवाली केली आणि सुपरयूजरचा, म्हणजे सगळ्या मशीनवर हक्क देणारा, पासवर्ड तिला एकटीला सांगितला. ती मॅन्युअलं ती घरी आणायची आणि भाकरी थापताना आईला म्हणायची, "माय, तेवढं पान उलटव." आईला वाचता येत नव्हतं, पण पान कधी उलटवायचं ते ताईच्या डोळ्यांवरून तिला कळायचं.

कापसाच्या पावतीचा प्रोग्रॅम ताईनं स्वतः लिहिला होता, सी भाषेत. वजन, भाव, हमाली, ओल-कचऱ्यापोटी कापायचा कट, हाती येणारी रक्कम. पावती निघायची तेलुगूत. मिलवर येणाऱ्या निम्म्या गाड्या मात्र मराठी गावांच्या, काही तर सरहद्दीपलीकडच्या. ती माणसं पावती हातात घेऊन खिडकीशी यायची. "बाई, यात काय लिवलं जी? कट किती धरला?" ताई वाचून दाखवायची. मग एक दिवस तिनं सेठला सांगितलं की पावती मराठीतही निघाली तर ही माणसं दुसऱ्या मिलला जाणार नाहीत. सेठ व्यापारी माणूस. त्याला ते लगेच पटलं. "करके दिखाओ बेटी," तो म्हणाला. "मुहूरत को पहली रसीद मराठी में निकली, तो तुम पक्की."

पक्की होणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. इचोड्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा शाळेत क्लार्क. बाबांनी ताईला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. नोकरी पक्की झाली तर पाहुण्यांना थांबा म्हणून सांगायचं, नाही तर होकार कळवायचा. ताई या विषयावर बोलायची नाही. फक्त त्या काळात ती मिलला जरा लवकर जायला लागली.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी अक्षरं काढायचं मॉड्यूल माझ्या कॉलेजातल्या एका सीनियरनं लिहिलं होतं. ताईनं मला पत्रातून विचारलं आणि दसऱ्याच्या सुटीला येताना मी ते फ्लॉपीवर घेऊन आलो. बसमध्ये ती फ्लॉपी मी वहीच्या पुठ्ठ्यात घालून मांडीवर धरली होती. निर्मलचा घाट उतरताना वाटलं होतं, ताईचं काम आपल्या हातून होणार. तो आनंद खरा होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी तिचं वाईट करायलाच निघालो होतो.

इथे थोडं मशीनचं सांगायला हवं. कॉलेजातली आमची मशीनं डॉसवर चालायची. डॉस म्हणजे एका खोलीचं घर. जो समोर बसेल त्याचं सगळं. कुठलंही मॉड्यूल आणा, आपल्या प्रोग्रॅमशेजारी उतरवा, चालू. मिलचं मशीन युनिक्सचं होतं. त्यावर अनेकांनी काम करायचं असतं, म्हणून प्रत्येकाला त्यात आपापलं वेगळं घर असतं आणि त्याचं दार दुसऱ्याला बंद. एखादी वस्तू सगळ्यांच्या वापराची असेल तर ती आपल्या घरात ठेवून भागत नाही. ती सगळ्यांसाठी राखलेल्या जागी नेऊन ठेवायची आणि तिला हात लावायची परवानगी सगळ्यांना द्यायची. हे काम फक्त सुपरयूजर करू शकतो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. युनिक्सच्या मशीनसमोर मात्र मी मुहूर्ताच्या आधीच्या शनिवारी पहिल्यांदाच बसत होतो.

ताईनं मला माझं लॉगिन करून दिलं, आपल्या प्रोग्रॅमला हात लावायची परवानगी दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

"हं. तू कंपाइल कर. मंग जागेवर ठेवाच्या वक्ताला तू बोल, मी टाइप करते."

"तू काऊन? मीच करतो ना."

"सुपरयूजरचा पासवर्ड कोणाले देऊ नको म्हणून सांगून गेला तो इंजिनिअर. माह्या लॉगिनचा पाह्यजे तं घे, तो माहा हाय. हा कंपनीचा हाय."

"मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाले हाय, ताई."

ती हसली. "हाय ना बापा, कोण नाई म्हणते? पण युनिक्सवर कितीक येळा बसला? खरं सांग."

दारात उभ्या असलेल्या मुनीमजींनी ते ऐकलं आणि तेही हसले. त्यांचं सगळं आयुष्य हातानं पावत्या लिहिण्यात गेलं होतं आणि त्या मशीनवर कोणी कोणाला हसलं की त्यांना बरं वाटायचं. मला काय झालं ते सांगता येत नाही. कान तापले. तेवढ्यात वजनकाट्यावर ताईला हाक आली. जाताना ती म्हणाली, "मी येते तवर थांबजो. मंग ते जागेवर ठेवू, अन् माह्या लॉगिनवर चालवून पाहू."

मी थांबलो नाही. मॉड्यूल कंपाइल झालं, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात आलं. अक्षरांच्या आकारांची जी फाइल त्याला लागायची, ती मी माझ्याच घरात ठेवली, डॉसवर ठेवायचो तशी, आणि मॉड्यूलमध्ये तोच पत्ता लिहिला. ते ताईच्या प्रोग्रॅमला जोडलं आणि चालवलं. प्रिंटर करकरला. कागद वर सरकला आणि त्यावर आलं: 'कापूस'. जरा वाकडंतिकडं, ठिपक्याठिपक्यांचं, पण मराठी. मी ओरडलोच. मुनीमजी धावत गेले आणि सेठला घेऊन आले. सेठनं कागद उजेडात धरला, नागरी अक्षरं वाचता येत नसताना वाचल्यासारखं केलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वा बेटा, इंजिनियर!"

ताई परत आली तेव्हा खोलीत माणसं जमली होती. तिनं कागद पाहिला, आणि तिचा चेहरा असा उजळला की तो मला अजून पाहवत नाही. मग हळूच माझ्याशी: "सुपरयूजरबिगर कसं चाललं रे?"

"याले लागत नाई."

"अन् माह्या लॉगिनवर पाह्यलं?"

"पाह्यलं म्हणतो ना."

तिनं खुर्चीला हात घातला होता. बसणार, तोच वीज गेली. दुसऱ्या दिवशी मुहूर्तासाठी त्या खोलीला चुना मारायला माणसं आली आणि मशीन चादरीखाली झाकलं गेलं. ताई घरी येऊन म्हणाली, "एकदा पाह्यलं असतं तं बरं झालं असतं." मी भाकर मोडत म्हणालो, "तुहा भरवसाच नाई माह्यावर." ती म्हणाली, "हाय न रे. म्हणूनच तं चूप बसली."

आज मी हैद्राबादला ज्या कंपनीत आहे तिथली मुलं एक ओळ टाइप करतात आणि मॉड्यूल जागच्या जागी जाऊन बसतं. तरी अधूनमधून त्यांच्यातला एखादा म्हणतो, "सर, माझ्या मशीनवर तर चालतंय." मी उठून पाणी प्यायला जातो.

मुहूर्ताच्या सकाळी मिलच्या आवारात रांगोळी होती. काट्याला झेंडूचा हार, पहिल्या गाडीच्या बैलांची शिंगं रंगवलेली. गाडी नार्नूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. त्याला फेटा बांधून सेठनं टिळा लावला. आमच्या घरी बुद्धवंदना चालायची, पूजा नाही, त्यामुळे ताई नारळ फोडताना बाजूला उभी राहिली. मुनीमजी कुंकवाची वाटी घेऊन मशीनकडे निघाले तेव्हा तिनं त्यांना अडवलं. "मुनीमजी, कीबोर्ड में नहीं. खराब होता." त्यांनी वाटी मागे घेतली, पण 'टीका तो लगाने दो' म्हणत मान हलवली.

म्हातारा खिडकीशी आला. "पोरी, मराठीतच देजो बरं. मले वाचता येते. चवथी पास हाय मी."

"देते जी," ताई म्हणाली. तिनं आपल्या लॉगिननं प्रवेश केला, वजन टाकलं, भाव टाकला, आणि शेवटची कळ दाबली.

प्रिंटर हलला नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की अमुक फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही. फाइलचा पूर्ण पत्ता त्या ओळीत होता आणि पत्त्यात माझं नाव होतं.

मला त्याच क्षणी कळलं. ताईलाही कळलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता, फक्त घाई होती: सांग, लवकर. तिला चार मिनिटं मिळाली असती तर सुपरयूजर होऊन तिनं ती फाइल उचलून जागेवर ठेवली असती. मी 'सेठजी, थोडं थांबा' एवढं म्हणायला हवं होतं. पण मुहूर्ताची वेळ पंचांगातून काढलेली होती. सेठ घड्याळ पाहत होता, बाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि मुनीमजी म्हणाले, "मैं बोला था, टीका लगाने दो."

सेठनं मला विचारलं, "क्या हुआ बेटा? परसों तो चला था."

मी म्हणालो, "मेरे हाथ से तो चला था. दीदी से कुछ दब गया होगा."

इतकं सोपं होतं ते. वाक्य तयारच होतं, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं. ताई म्हणाली, "सेठजी, दो मिनट—" पण सेठ म्हणाला, "उठो बेटी. मुनीमजी, आप लिखो." ती उठली. मुनीमजींनी त्याच टेबलावर पावतीपुस्तक ठेवलं आणि तेलुगूत पावती लिहिली. म्हाताऱ्यानं ती घेतली, उलटीसुलटी केली, ताईकडे पाहिलं, आणि ती फेट्यात खोचली. इंजिनिअर येईपर्यंत खोलीला कुलूप लागलं. ताईला सांगितलं गेलं, आता घरीच राहा, लागलं तर बोलावू.

त्या संध्याकाळी ताई गप्प बसली नाही. ती गप्प बसली असं मी पुढे माझ्या बायकोला सांगितलं होतं, तेही खोटं. ताटावर बसल्या बसल्या ती सरळ बोलली.

"बाबा, हा खोटं बोलून राह्यला. फाइल यानं याच्याच घरात ठेवली. माह्या लॉगिनवर पाह्यलंच नाई."

"मशीनमंदी कायचं घर?" आई म्हणाली.

"माय, थांब. बाबा, समजा शाळेच्या कपाटाची किल्ली तुमी खिशात घालून घरी आणली. तुमी शाळेत असले तं कपाट उघडते. तुमी नसले अन् दुसरा मास्तर आला, तं नाई उघडत. तं मंग कपाट दुसऱ्या मास्तरानं मोडलं काय?"

बाबांचा हात ताटावर थांबला. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "मिलिंद, तू सांग."

मी म्हणालो, "मी चालवून पाह्यलं होतं."

"झालं मंग," बाबा म्हणाले. "मशीनीतलं मले नको सांगू, सुजाता. याच्या हातानं चाललं, तुह्या हातानं बंद पडलं. साऱ्या गावानं पाह्यलं."

"तुमी माह्यं आयकून तं घ्या."

"आयकलं. जेव आता."

ती जेवली नाही. मी जेवलो. अंबाडीची भाजी होती, आणि मी दुसरी भाकर मागून घेतली, कारण मागितली नसती तर आईला संशय आला असता असं मला वाटलं.

दिवाळीनंतर ताईचं लग्न झालं. भावजी वाईट नव्हते. पण त्यांच्या घरात बाईनं नोकरी करायची पद्धत नव्हती आणि इचोड्यात तेव्हा संगणकही नव्हता. ढाबे होते, ट्रक होते, बी-बियाण्यांची दुकानं होती. मॅन्युअलं मिलला परत गेली. मला हैद्राबादला नोकरी लागली, मुलाखतीत मी 'युनिक्सवर मराठी छपाईचं काम केलं आहे' असं सांगितलं होतं. आई गेली. बाबा निवृत्त झाले, मग अंथरुणाला खिळले. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, बायको नोकरीला, मुलं लहान. ही कारणं मी तेव्हा दिली होती. ताईनं बाबांना इचोड्याला नेलं आणि शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं, नाष्ट्यापासून अंग पुसण्यापर्यंत.

तिथेच एका दुपारी, ताई बाजारात गेलेली असताना, मी बाबांना सांगितलं. आता आपण मोकळं व्हावं, असं वाटलं होतं. त्यांनी छताकडे पाहत ऐकून घेतलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तो इंजिनिअर आलता न हैद्राबादहून. त्यानं फाइल कोठं हाय ते पाह्यलं, सेठले सांगतलं. सेठनं मले बलावलं. म्हणे, गुरुजी, गलती लड़की की नहीं थी. कल से भेजो." बाबांनी पांघरूण वर ओढलं. "मी म्हणलं, तिचं लग्न ठरलं. आता नाई जमत."

"ठरलं होतं तवा?"

"मी सबद दिलता. अन् ती परत गेली असती तं गावात तुहं नाव खराब झालं असतं. तुले अजून नोकरी लागाची होती." मग छताकडेच पाहत: "कपाटाचं तिनं सांगतलं तवाच मले समजलं होतं. हुशार होती ती."

बाबा गेल्यावर, सगळे विधी आटोपल्यावर, मी ताईच्या ओट्यावर बसून तिला हे सगळं सांगितलं. माझी कबुली, बाबांचं म्हणणं, सेठचं बोलावणं, काही न वगळता. नागपूरच्या रस्त्यानं ट्रक जात होते, त्यामुळे मध्येमध्ये थांबावं लागत होतं. माझी चूक ऐकताना ती ट्रकांकडे पाहत होती. ते तिला जुनं होतं.

"सेठनं बलावलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् बाबाले कपाटाचं समजलं होतं."

"हो."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी समजत होती, बाबाले ते मशीनीचं समजलंच नाई. त्यायच्या डोक्याभायेरचं होतं ते. म्हणून त्यायच्यावर मी कवाच राग नाई धरला. तुह्यावर धरला. तुह्यावर धरला तं चालत होतं मले, तू दूर होता. अन् त्यायचं सारं मी मनापासून केलं, मिलिंद. आता त्यायले मी कोठं जाऊन विचारू?"

एक ट्रक गेला, मग दुसरा.

"तुले हलकं वाटलं असन आता," ती म्हणाली.

मी उठून चपला शोधू लागलो. पण वाटलं होतं, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसत होतं.